जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सखालचा आधार

पावसाळा सरला की आपल्या भागातील शेतकऱ्याची धावपळ वाढते. बेळगाव-खानापूरकडची भाजी चोर्ला घाट उतरून सकाळी गोव्याच्या बाजारात पोहोचली तरच तिला भाव. हा माल नेणारी गाडी पुष्कळ घरी वीस-पंचवीस वर्षांची जुनी पिकअप असते. नवी घ्यावी तर डोक्यावर कर्ज, जुनी विकावी तर भंगाराचा भाव. म्हणून असलेली गाडी नीट सांभाळण्यातच शहाणपण आहे. तिच्या पोटाखाली असा एक भाग आहे की तो तुटेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

हा भाग काय करतो?

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले असतात. पुढे इंजिनाच्या दोन बाजू रबरी फाउंडेशनवर बसतात. मागे गिअरबॉक्सचे टोक एका आडव्या लोखंडी तुळईवर टेकते. चेसिसच्या दोन लांब दांड्यांना जोडणारी ही तुळई म्हणजे क्रॉस मेंबर. तुळई आणि गिअरबॉक्स यांच्यामध्येही रबरी फाउंडेशन असते. ते हादरे गिळते. दुकानात मात्र पूर्ण नाव सांगावे. नुसते ‘क्रॉस’ म्हटले तर दुकानदार प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस हातात ठेवील.

पावसाळ्यातला चिखल तुळईच्या खोबणीत साचतो आणि गंज आतून खात जातो. वरून तेल गळत असेल तर रबर फुगते व फाटते. मग क्लच सोडताना गाडी थरथरते, गिअरचा दांडा हिसका देतो, खालून ‘टक्’ असा आवाज येतो. तुळई पुरती तुटली तर गिअरबॉक्स खाली झुकतो आणि शाफ्टवर भलताच ताण येतो. भरल्या गाडीने घाट उतरताना हे घडणे म्हणजे जिवाशी खेळ.

आधी तपासा, मग खर्च करा

रबरात पेचकस खुपसून पाहा. तडा दिसला, रबर दबलेले किंवा लोखंडापासून सुटलेले दिसले, तर ते बदला. मग तुळई तारेच्या ब्रशने घासा आणि भोकांच्या कडेला बारीक चिरा आहेत का ते बघा. हातोडीच्या हलक्या टोल्याने गंजाचे पापुद्रे सुटू लागले तर तुळई गेली असे समजावे. पुष्कळदा तुळई धड असते, नुसते रबर गेलेले असते आणि थोडक्यात काम भागते. मात्र तेलाची गळती आधी बंद करावी, नाही तर नवे रबरही सडेल.

भाग कोठे शोधावा?

आपल्या देशात महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून त्या घराण्यातील गाड्यांत इंजिने बदलली, गिअरबॉक्स चाराचे पाच गिअरांचे झाले. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या तुळया सारख्या असतीलच असे नाही. दुकानात जाताना आर.सी. पुस्तक, चेसिस नंबर आणि गिअरबॉक्सच्या अंगावर ओतलेला नंबर लिहून न्यावा. गिअर किती आणि गाडी दोन चाकी ओढीची की चारही चाकी, हेही सांगावे.

शिवाय पाच मापे घ्यावी:

१. चेसिसच्या दोन दांड्यांमधील आतले अंतर.
२. तुळईच्या बोल्टांच्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर.
३. गिअरबॉक्सच्या पायाच्या भोकांचे अंतर.
४. चेसिसवरील भोकांच्या पातळीपासून रबराची बैठक किती खाली किंवा वर आहे ते.
५. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापासून मागच्या रबरापर्यंतचे अंतर.

जुनी तुळई पुठ्ठ्यावर ठेवून भोकांसह तिचा साचा कापून घ्यावा. तोंडी वर्णनापेक्षा हा पुठ्ठा अधिक उपयोगी पडतो. आधी कंपनीच्या विक्रेत्याकडे, नंतर सुट्या भागांच्या दुकानात, शेवटी जुन्या बाजारात विचारावे. जुन्या बाजारातील तुळई सपाट फरशीवर ठेवून पिळलेली नाही ना ते पाहावे. वेल्डिंगचे डाग असलेली घेऊ नये. कोठेच मिळाली नाही तर बेळगावचे उद्यमबाग, कोल्हापूरचे उद्यमनगर अशा ठिकाणी साच्यावरून नवी करून घेता येते.

जुळवून घेताना

दुसऱ्या गाडीची तुळई बसवायची असेल, किंवा चार गिअरांच्या जागी पाच गिअरांचा लांब बॉक्स आला असेल, तर तुळई मागे सरकवावी लागते. चेसिसला नवे भोक पाडायचे ते तिच्या उभ्या बाजूला. वरच्या-खालच्या आडव्या काठाला नव्हे, कारण वजनाचा सर्वांत जास्त ताण त्या काठांवर असतो. तुळई चेसिसला वेल्ड करून टाकू नये. उद्या क्लच प्लेट बदलताना तीच सोडवावी लागणार आहे. दोन्ही टोकांना ब्रॅकेट करून बोल्टांनी बसवावी आणि भोके किंचित लांबट ठेवावी, म्हणजे पुढेमागे करता येते. पत्रा मूळ तुळईपेक्षा पातळ नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा पाहून घ्यावा. साध्या लोखंडाचे बोल्ट येथे चालणार नाहीत. रबर काढून लोखंडावर लोखंड कधीही आवळू नये, गिअरबॉक्सचा पाय तडकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंचीची आहे. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत नवी तुळई मजबूत होती, भोकेही बरोबर जुळली होती, पण बैठक खाली गेली होती. मालकाला शाफ्टचे जॉइंट पुन्हा पुन्हा बदलावे लागत होते आणि तो दोष जॉइंटला देत होता. खरे कारण कोनाचे होते. जॉइंट वाकून फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि मागच्या ॲक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर असले, तरच एका जॉइंटचा हा दोष दुसरा जॉइंट पुसतो. दोघांत साधारण एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा. इंजिनाच्या फाउंडेशनपासून तुळई एक मीटरवर असेल, तर बैठक १७ मि.मी. खाली जाताच सुमारे एक अंश बदलतो. म्हणजे बोटाच्या जाडीएवढी चूक पुरे होते! म्हणून गाडी चाकांवर उभी असताना आणि नेहमीचा माल भरलेला असताना कोनमापकाने दोन्ही कोन मोजावे. फरक दिसला तर तुळई आणि रबर यांच्यामध्ये जाड पट्टी घालून किंवा काढून तो दुरुस्त करावा.

इंजिन किंवा गाडीचा प्रकार बदलण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ तपशिलाविरुद्ध फेरफारास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तसाच निर्वाळा दिला आहे.

जीव सांभाळून

आता आरोग्याचे चार शब्द. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मग मिस्त्री कितीही जुना असो. पक्क्या जमिनीवर मजबूत घोडे लावावे. सैल दगडविटांची रास म्हणजे आधार नव्हे. प्रोपेलर शाफ्ट सोडवला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. काही जुन्या जीपांत तर हँडब्रेक त्या शाफ्टवरच काम करतो, तोही निकामी होतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी चाकांना पुढेमागे ओंडके लावावे. तुळई सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक आणि लाकडाची फळी ठेवावी.

खालून गंज पडतो तो डोळ्यांत जातो, चष्मा लावावा. कण गेलाच तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कण रुतला असेल तर डॉक्टर गाठावा. जुन्या क्लच प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला तर त्याच्या धुराने थंडीताप भरतो. मुलामा आधी घासून काढावा व काम उघड्यावर करावे.

काम झाल्यावर मालाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळून पाहावे. पाचही मापे व गिअरबॉक्सचा नंबर वहीत लिहून गाडीच्या कागदांसोबत ठेवावा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला पुन्हा धुंडाळत बसावे लागणार नाही. आणि दर पावसाळ्यानंतर तुळईच्या खोबणीतील चिखल धुऊन, ती वाळवून रंगाचा एक हात द्यावा. एवढे केले तर गाडी आणखी पुष्कळ हंगाम साथ देईल.