निऱ्या कोण काढून देतं?

किमो घेऊन आलेल्या बाईला ‘हाताला मुंग्या येतात का?’ असं मी आधी विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘येतात थोड्या, चालायचंच.’ मी विचारते, ‘मावशी, निऱ्या कोण काढून देतं?’ मग एकेक बाहेर येतं. निऱ्या सून खोचून देते. ब्लाउजचे हूक लागत नाहीत म्हणून दिवसभर गाऊनवरच असतात. पाकिटातून गोळी निघत नाही, निघालीच तर हातातून कधी पडली ते कळत नाही. पुरुषमाणूस शर्टाच्या बटणाबद्दल बोलत नाही. नोटा मोजताना दोन एकदम जातात, हे मात्र लगेच सांगतो.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण लोणीला झालं, काम श्रीरामपूर-राहाता भागात. आपल्या नगर जिल्ह्यातले पुष्कळ पेशंट किमोसाठी नाशिक, पुणे नाहीतर परळच्या टाटाला जातात आणि हात दाखवायला माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा किमो उरकलेली असते. त्यांनी पहिल्या-दुसऱ्या किमोलाच यावं, यासाठी हा लेख.

हात बधिर का होतात? स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल घ्या. नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशी दुभंगते तेव्हा आत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभारते आणि मोडते. हे औषध तो मोडू देत नाही, म्हणून कॅन्सरची पेशी अडकून मरते. पण तशाच नळ्या नसेतही असतात. संवेदना नेणाऱ्या नसेची मूळ पेशी मणक्याजवळ असते आणि तिचा धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत येतो. तिथे लागणारं सगळं या नळ्यांवरून जातं. वाहतूक बिघडली की भंडारदऱ्याच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच टोकाच्या बोटांचं होतं. धागा जितका लांब तितका त्रास आधी, म्हणून बहुधा सुरुवात पायाच्या बोटांपासून.

ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिन मणक्याजवळच्या त्या मूळ पेशीलाच धक्का देतात. त्यामुळे किमो थांबल्यावरही काही महिने बधिरपणा वाढत जाऊ शकतो, आणि पेशंट घाबरतो की आता हे काय नवीन. ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्यांना तर फ्रिजमधला तांब्या धरला तरी चटका बसल्यासारखं होतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं, तेही नसांना सोडत नाही. (म्हणून सदाफुलीची पानं चावू नका. दारातलं झाड आणि शिरेतून मोजून दिलेलं औषध यांत फार अंतर आहे.) अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली मांडलेला हिशेब असा: नसांना बाधणारी किमो संपल्यावर पहिल्या महिन्यात शंभरातल्या सुमारे ६८ जणांना हा त्रास असतो, सहा महिन्यांनंतर सुमारे ३० जणांना. पुष्कळांचा कमी होतो, सगळ्यांचा जात नाही.

आता व्यायाम. मेडिकलमधून स्पंजचा बॉल आणून दिवसभर दाबत बसलेले लोक मी रोज पाहते. बॉलने मूठ घट्ट होते, पण अडतंय ते चिमटीत आणि बोटाच्या पेरात. म्हणून सुरुवात साध्या हालचालीने. बोटं सरळ. मग तळव्याकडची पेरं सरळ ठेवून फक्त वरची दोन वाकवायची, आकड्यासारखी. मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. यात बोटांचे स्नायुबंध आपापल्या वाटेने सरकतात, सांधे आखडत नाहीत. नंतर अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा: एकदा बघत, एकदा डोळे मिटून. डोळे मिटल्यावर करंगळी चुकते. चुकू द्या.

चिमटीसाठी मी विकतचं काही आणायला लावत नाही. वाती वळा. फुलवात करताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र काम करतात, आणि दाब कमी-जास्त झाला की कापूसच सांगतो. रांगोळीची रेघ ओढा. कणकेच्या छोट्या गोळ्या वळा, मग चिमटीत चपट्या करा. एका पेशंट काकूंनी मला ऐकवलं, ‘ताई, हे तर मी जन्मभर करतेय, याला व्यायाम म्हणता होय?’ म्हटलं, हो, फक्त आता घाई नाही आणि लक्ष सगळं बोटांत.

सगळ्यात जास्त वेळ मी परातीवर घालवते. परातीत धुऊन वाळवलेले जोंधळे घ्यायचे. किमोच्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा पोत्यातलं धुळीचं धान्य नको, आणि हाताला चीर किंवा जखम असेल तर हा व्यायामच नको. त्यात बटण, रुपयाचं नाणं, चिंचोका, सेफ्टी पिन बंद करून, असं पुरायचं. डोळे मिटून शोधायचं आणि बाहेर काढण्याआधी नाव सांगायचं. चुकलं की डोळे उघडून बघायचं, तीच वस्तू पुन्हा चाचपायची. मेंदूला आता नसेकडून अर्धवट निरोप येतात. त्या अर्धवट निरोपावरून वस्तू ओळखण्याची सवय त्याला अशी लावता येते. ज्यांना नुसत्या स्पर्शानेही झिणझिण्या येतात त्यांनी आधी कापूस, मग सुती साडीचा पदर, मग टॉवेल, असं हळूहळू खरखरीकडे जायचं. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं पुरे. बोटं दुखेपर्यंत करू नये. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील आणि हात सुजत असेल तर जोराचा व्यायाम आधी विचारून.

बधिर हात राखायचा कसा, हे आपला देश कुष्ठरोगातून शिकला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने गळून पडत नाहीत. दुखतंय हे कळत नाही म्हणून भाजतात, कापतात, चिघळतात. तेच इथे लागू. भाकरी उलथण्याने उलटा, बोटांनी नको. आंघोळीचं पाणी बोटाने नाही, कोपराने बघा. खुरपणीला हातमोजे घाला. रात्री दिव्याखाली तळहात आणि बोटांची पेरं नीट बघा. गरम पाण्याची पिशवी आणि कडकडीत तेलाचं मालिश, दोन्ही बंद.

‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांबद्दल माझं मत कडवट आहे. असेटिल-एल-कार्निटिनने त्रास टळेल या आशेने अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर प्रयोग झाला. २०१३ साली निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांचा त्रास उलट जास्त निघाला. वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन नावाचं औषध काही जणांना उपयोगी पडतं, ते डॉक्टर ठरवतील. बधिरपणा घालवणारी खात्रीची गोळी आज नाही.

व्यायामाचाही पुरावा मी फुगवून सांगणार नाही. २०२४ साली जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किमो चालू असतानाच आठवड्यातून दोनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ३० टक्के जणांना नसांचा त्रास झाला, न करणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के जणांना. गट लहान होते, आणि व्यायाम मुख्यतः पायांचा. हातांसाठी इतका स्पष्ट आकडा माझ्याकडे नाही. पण त्यांनी सुरुवात किमोबरोबर केली होती, शेवटी नव्हे, आणि मी पेशंटला तेवढंच उचलायला सांगते.

किमो देणाऱ्या डॉक्टरांनाही हे वेळेवर कळायला हवं. डोस कमी करणं, दोन किमोंमधलं अंतर वाढवणं, औषध बदलणं त्यांच्या हातात असतं, आणि आपण गप्प राहिलो तर त्यांना रक्ताच्या रिपोर्टात हे दिसत नाही. ‘औषध कमी केलं तर कॅन्सर वाढेल’ या भीतीने माणसं सांगत नाहीत. तो तोल डॉक्टरांना सांभाळू द्या. म्हणून प्रत्येक किमोच्या आदल्या दिवशी मी एक कागद लिहायला लावते, लिहिता येत नसेल तर नातवाकडून: कोणती बोटं बधिर, पेरापर्यंत की तळव्यापर्यंत, मागच्या वेळेपेक्षा पुढे सरकलंय का, हूक लागतो का, निऱ्या कोण काढतं. तो कागद फाईलमध्ये अगदी वर, रक्ताच्या रिपोर्टाच्याही आधी लावायचा.