तक्रारीनंतरचे दिवस

मार्च 2023 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नाव राज्यभरच्या बातम्यांत आलं. एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार घरच्यांनी दिली आणि त्यानंतर त्याच मुलीवर धारदार शस्त्रांनी हल्ला झाला. हलगर्जीपणाबद्दल काही पोलीस निलंबित झाले. पुढे एका खासदारांनी जखमी मुलीचं छायाचित्र समाजमाध्यमावर टाकलं. तिची ओळख उघड केली म्हणून बार्शीतच त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. मग चर्चा रंगली ती छायाचित्राची आणि राजकारणाची. तक्रार दिल्या दिवसापासून त्या घरावर लक्ष कुणाचं होतं, हा साधा प्रश्न बाजूलाच पडला.

ओळख जपण्याचा हा कायदा बायकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला आहे. त्याची सुरुवात तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी, आईवडील नसलेल्या, मजुरी करणाऱ्या मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. आरोपी दोन पोलीस. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, तेही मुलीच्या चारित्र्यावर शेरे मारून. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे जबरदस्ती नव्हती! पोलीस ठाण्यात, दार लावलेलं असताना, रात्रीच्या वेळी एका पोरीने ओरडून कुणाला बोलवायचं होतं?

वर्षभर फारसं कुणी बोललं नाही. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. नागपुरात सीमा साखरे यांनी हा विषय लावून धरला. मुंबईत 1980 च्या सुरुवातीला बायकांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला आणि 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. निकाल काही बदलला नाही. कायदा मात्र बदलला, 1983 मध्ये. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालय तिचं म्हणणं धरून चालेल, अशी तरतूद आली. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. देसाईगंजच्या त्या मुलीचं नाव तोवर देशभर झालं होतं, आजही पाठ्यपुस्तकांत तिचा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मी ते इथे लिहीत नाही. बाईच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यातून जायला तर आणखी वीस वर्षं लागली.

पुण्यातही असंच घडलं. 1982 मधल्या मंजुश्री सारडा मृत्यू प्रकरणानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं. ते पाहायला आलेल्या बायका स्वतःच्याच घरातलं सांगू लागल्या. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुश्रीच्या पतीला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. पण बोलायला लागलेल्या बायका गप्प बसल्या नाहीत.

मोर्चे मुंबई-पुण्यात निघाले, खटले मात्र तालुक्यात चालतात. बार्शीसारख्या गावात तक्रारदार आणि आरोपी एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच भगवंताच्या दर्शनाला जातात. तक्रार मागे घे म्हणून सांगायला येणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच, चहा घेऊन जाणारा. अशा वेळी तक्रारदारासोबत जाणाऱ्या, महिला संघटनेतल्या बाईचं काम अगदी बारीकसारीक असतं. एफआयआर सही करण्याआधी वाचून घ्यायची, तिची प्रत मागून घ्यायची. ती फुकट मिळते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, हे ठाण्यात सांगायचं. पीडित अल्पवयीन असेल तर पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं; कळवलं का, हे विचारायचं. पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठपुरावा करायचा. यातल्या एकाही कामाचा फोटो पेपरात येत नाही.

धमकी आली तर काय, याचं उत्तरही कागदावर आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना लागू केली. त्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो आणि धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. अर्ज साक्षीदाराने, घरच्यांनी, वकिलाने किंवा पोलिसांनी करायचा. संघटनेला तो अधिकार नाही. म्हणजे घाबरलेल्या आईला बरोबर घेऊन, एका दिवसाची मजुरी बुडवून, कुणीतरी बार्शीहून सोलापूरची एसटी धरायची.