गोदावरी खोऱ्यातील अधिवास गुणवत्तेचे कालानुरूप बदल : एक विवेचन

प्रस्तावना :
गोदावरी ही द्वीपकल्पीय भारतातील सर्वांत लांब नदी होय. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून सुमारे १,४६५ कि.मी. प्रवासानंतर ती बंगालच्या उपसागरास मिळते. तिचे खोरे ३ लाख चौ.कि.मी.हून अधिक क्षेत्र व्यापते. एवढ्या विस्तीर्ण खोऱ्यातील अधिवास सुधारला की खालावला, हे ठरविताना 'कोणत्या सजीवांसाठी' आणि 'कोणत्या काळाच्या तुलनेत' हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना व मापन :
सजीवांना अन्न, निवारा व प्रजनन यांसाठी आवश्यक परिस्थिती पुरविण्याची एखाद्या क्षेत्राची क्षमता म्हणजे अधिवासाची गुणवत्ता. तिच्या मापनासाठी 'इन्व्हेस्ट' ही संगणकीय प्रणाली जगभर वापरली जाते. तीत वन, गवताळ प्रदेश, जलक्षेत्र इत्यादी भूमी-आच्छादनास ० ते १ या दरम्यान गुण दिले जातात. शेती, वस्ती, रस्ते यांसारख्या धोक्यांचा प्रभाव अंतरानुसार घटतो असे मानून त्या गुणांतून वजावट केली जाते. लँडसॅट उपग्रहमालिकेच्या प्रतिमा १९७२ पासून उपलब्ध असल्याने निरनिराळ्या वर्षांची तुलना शक्य होते.

धरणे आणि अधिवास :
निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वर बंधारा बांधण्यात आला. त्यामागे साचलेल्या गाळातून उथळ पाणथळ व बेटे तयार झाली आणि तेथे स्थलांतरित पक्षी येऊ लागले. हे क्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले, तर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद जाहीर झाली. पैठणजवळील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयासही १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्याच्या काठावर गाळपेर शेती होते. अर्थात एकच जमीन ऋतुमानानुसार कधी पाणथळ, तर कधी शेत असते.

पाणपक्ष्यांच्या दृष्टीने हा लाभ होय. परंतु वाहत्या पाण्यावर अवलंबून असलेल्या माशांच्या दृष्टीने ती हानी आहे. नकाशात मात्र वाहती नदी व स्थिर जलाशय दोन्ही 'जलक्षेत्र' या एकाच नावाने दिसू शकतात. सांडपाण्याने दूषित झालेले पाणीही त्याच रकान्यात जाते. जलपर्णीने व्यापलेला पृष्ठभाग तर 'वनस्पती' म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो.

दुसरी बाजू त्रिभुज प्रदेशात दिसते. बी. हेमा मालिनी व के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७०च्या दशकाच्या तुलनेत १९९०च्या दशकात नदीने वाहून आणलेला गाळ निम्म्याहून कमी झाला होता. धरणांत गाळ अडल्याने किनाऱ्याची धूप वाढली व खारफुटीचे क्षेत्र घटले, असे त्यांनी दाखविले. ज्या गाळाने नांदूर मध्यमेश्वर येथे पाणथळ निर्माण केली, त्याच गाळाच्या अभावी समुद्रकाठचा अधिवास खचतो. दोहोंत शेकडो कि.मी.चे अंतर असले, तरी नदी एकच आहे.

समारोप :
संपूर्ण खोऱ्याचा एकच सरासरी गुणांक काढल्यास एका ठिकाणची वाढ दुसऱ्या ठिकाणच्या घटीस झाकून टाकते. तुलनेचे आधारवर्ष १९७६ नंतरचे घेतल्यास जायकवाडीखाली गेलेले नदीपात्र हिशेबातच येत नाही. अशा गुणांकावर विसंबून संवर्धनाचा निधी वा नव्या प्रकल्पास परवानगी दिली गेल्यास ही त्रुटी प्रत्यक्ष हानीत परिणत होते. म्हणून उपग्रहीय नकाशांस स्थानिक नोंदींची जोड आवश्यक आहे. नदीकाठच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल विभागांनी एकाच ठिकाणी दरवर्षी पक्षिगणना, मत्स्यप्रजातींची नोंद व पाण्यातील विद्राव्य ऑक्सिजनचे मापन केल्यास काही वर्षांत नकाशांना पडताळणारा विश्वसनीय पुरावा उपलब्ध होईल. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा सातत्याची अधिक गरज आहे.