बिनड्रायव्हरच्या गाडीचा भरवसा किती?

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाभोवती पूर्वी ग्रीन कार्ड आणि घरांच्या किमती हे दोन विषय हमखास असायचे. आता तिसऱ्याची भर पडली आहे : बिनड्रायव्हरची गाडी. फिनिक्स नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलेला कोणीतरी फोनवरचा व्हिडिओ दाखवतो. स्टिअरिंग आपोआप वळतंय आणि पुढच्या सीटवर कोणी नाही! बघणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "मशीन कधीही बरं. ते दारू पीत नाही की डुलक्या घेत नाही." दुसरा म्हणतो, "माझ्या मुलाबाळांना मी त्यात बसवणार नाही." दोघेही ठामपणे बोलतात, आणि आकडे दोघांकडेही नसतात.

मी मोटारींचा इंजिनीअर नव्हे. पण यंत्र कधी, कसं आणि किती वेळा बिघडेल याचा हिशेब करणं हा माझा इथे एम. एस. झाल्यापासूनचा व्यवसाय. तेव्हा म्हटलं, हा वाद जरा त्या हिशेबात बसवून बघावा.

शेवटचे दोन टक्के

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९९५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी पिट्सबर्गहून सॅन डिएगोपर्यंत गाडी नेली. सुमारे २,८०० मैलांपैकी ९८ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाच्या हाती होतं (गॅस आणि ब्रेक मात्र माणसाकडे). २००४ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या 'डार्पा' संस्थेने मोहावी वाळवंटात १० लाख डॉलरची शर्यत ठेवली. सगळ्यात पुढे गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आतच अडकली. पण पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली'ने १३२ मैल सात तासांच्या आत पुरे केले. २००९ मध्ये गूगलने काम सुरू केलं, त्याचीच पुढे 'वेमो' कंपनी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्सच्या एका भागात सामान्य गिऱ्हाइकांना रिकाम्या ड्रायव्हर-सीटची टॅक्सी मिळू लागली.

९८ टक्के ऐकायला छान वाटतं. पण २,८०० मैलांतले दोन टक्के म्हणजे ५६ मैल, आणि तेवढ्यात किती झाडं आणि किती माणसं येतात! मधली पंचवीस वर्षं गेली ती या दोन टक्क्यांपायी.

किती मैल म्हणजे पुरे?

समजा, एखाद्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सरासरी वर्षातून एकदा तुटतो. नवा पट्टा आणला आणि तो वर्षभर टिकला. म्हणजे तो चांगला का? नाही. जुन्याच दर्जाचा पट्टासुद्धा नुसत्या नशिबाने वर्षभर टिकण्याची शक्यता ३७ टक्के असते. ही शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर पट्टा तीन वर्षं न तुटता चालवून बघावा लागतो. आमच्या धंद्यात हा तिपटीचा नियम सगळ्यांना पाठ असतो.

आता तोच नियम गाडीला लावा. अमेरिकेत साधारण १० कोटी मैलांमागे एकाहून थोडे अधिक मृत्यू होतात. 'रँड' संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला : गाडी या बाबतीत माणसाहून वाईट नाही एवढंच सिद्ध करायला २७.५ कोटी मैल एकही मृत्यू न होता चालवावे लागतील. शंभर गाड्या ताशी २५ मैलांनी रात्रंदिवस पळवल्या तर त्याला साडेबारा वर्षं लागतात! बरं, मध्येच सॉफ्टवेअर बदललं, तर काटेकोरपणे पाहता मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून कंपन्या मृत्यूंऐवजी जास्त वेळा घडणाऱ्या गोष्टी मोजतात : जखमी, एअरबॅग उघडणं, विम्याचे दावे. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्विस री' या विमा कंपनीने वेमोबरोबर २.५३ कोटी मैलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा मामुली नाही. मात्र अभ्यासात खुद्द कंपनीचा सहभाग होता आणि मैल होते ते बर्फ न पडणाऱ्या शहरांतले, हेही लक्षात ठेवायला हवं. शिकागो किंवा टोरोंटोच्या जानेवारीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

टेम्पीची रात्र

१८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी गावात ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणीच्या गाडीने तिला उडवलं आणि ती दगावली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा तपास प्रत्येक इंजिनीअरने वाचावा असा आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला ती दिसली होती. म्हणजे डोळे उत्तम होते! पण समोर आहे ते काय, हे संगणकाला ठरवता येईना. कधी मोटार, कधी 'इतर', कधी सायकल. मत बदललं की आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जायचा, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज बांधला जाईना. क्रॉसिंग सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल, हे प्रोग्रॅममध्ये धरलेलंच नव्हतं. संगणक गाडी चालवत असताना व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक बंद ठेवला होता. आणि लक्ष ठेवायला बसवलेली ड्रायव्हर फोनवर कार्यक्रम बघत होती. गाडीत आधी दोन माणसं असत, ती कमी करून एकावर आणली होती.

यात एक मोठा दोष शोधून सापडत नाही. पाच लहान दोष एका रेषेत आले. आणि ज्याला तासन् तास काहीच करावं लागत नाही, त्या माणसाचं लक्ष ऐन वेळी जाग्यावर नसतं. म्हणूनच आपल्या गॅरेजमधल्या गाडीला 'आपोआप चालण्याची' सोय असेल तर सांभाळा. ती सोय मदतनीसाची आहे. ड्रायव्हर आणि जबाबदार तुम्हीच.

एकाची चूक, सगळ्यांची चूक

माणसांच्या चुका सुट्या सुट्या असतात. सॉफ्टवेअर मात्र सगळ्या गाड्यांत एकच. डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्सला एक पिकअप ट्रक वाकड्या स्थितीत ओढून नेला जात होता. त्याला वेमोची एक गाडी धडकली आणि काही मिनिटांत दुसरीही, त्याच ट्रकला! डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि या गाड्या ठिकठिकाणी रस्त्यात खोळंबल्या. उलट बाजूही आहे : चूक एकदा सुधारली की सगळ्यांत सुधारते. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

आणि भरवसा नुसत्या यंत्राचा नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच शहरात दुसऱ्या मोटारीच्या धक्क्याने एक बाई 'क्रूझ'च्या गाडीपुढे फेकली गेली. गाडी तिला लागून थांबली, पण नंतर कडेला जाण्यासाठी तिला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला. फेडरल चौकशीत खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने २०२४ मध्ये कबूल केलं आणि ५ लाख डॉलर दंड भरला. त्याच डिसेंबरात जनरल मोटर्सने ही टॅक्सी-योजना गुंडाळली.

मग बसायचं का?

माझी आई पंच्याहत्तर वर्षांची. ती फिनिक्सला धाकट्या बहिणीकडे असते तेव्हा दिवसभर घरात अडकते. जवळ बस नाही, आणि मुलं-जावई कामावर. "दादा, तिला लायब्ररीत एकटीला या गाडीने पाठवू का?" बहिणीने विचारलं. मी हो म्हटलं, कारण त्या गावात, त्या रस्त्यांवर मैलांचा हिशेब भक्कम आहे. आत मदतीचं बटण कुठे आहे ते मात्र आधी एकदा बरोबर बसून दाखव, असंही सांगितलं. नव्या गावात नवी कंपनी महिन्यापूर्वी आली असती, तर थांब म्हटलं असतं.

भारतातले नातेवाईक विचारतात, "आमच्याकडे कधी?" नितीन गडकरींनी २०२३ मध्ये सांगून टाकलं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याला विचारलं, तर इथेही वेगळं उत्तर येणार नाही.

मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. औषधाची चाचणी असेल तर आधी रुग्णाची सही घेतात. टेम्पीच्या त्या बाईची कोणी घेतली नव्हती. रस्त्यावरची चाचणी आपल्या सगळ्यांवर चालते, आपण गाडीत बसू अथवा न बसू. त्याच्या बदल्यात अपघातांची खरी माहिती लोकांपुढे येणं हा आपला हक्क आहे. २०२१ पासून फेडरल सरकारने या अपघातांचे अहवाल सक्तीचे केले आहेत. आपल्या गावात परवानगीची सुनावणी निघाली, तर जरूर जा आणि विचारा : मैल किती, कोणत्या हवेत, आणि मोजले कोणी?