गाडीची हौस आणि हौसेची गाडी

तान्ह्या पोळ्याला विदर्भातल्या पोरांचे लाकडी बैल रस्त्यावर निघतात. सुताराने केलेले हे बैल तसे एकाच घाटणीचे. चार चाके, दोन शिंगे आणि ओढायला दोरी. पण मिरवणुकीत दोन बैल सारखे दिसतील तर शपथ! कुणाच्या शिंगांना बेगड, कुणाच्या गळ्यात घुंगरू, कुणाच्या पाठीवर आईच्या जुन्या शालूची झूल. कंपनीतून आलेल्या मोटारीला बाजारातले सुटे भाग लावून ती ‘आपली’ करणारे तरुण पाहिले की मला हे बैल आठवतात. वय वाढते, खेळणे मोठे होते आणि त्याचा हप्ता बँकेत भरावा लागतो, एवढाच काय तो फरक.

बँकेत असताना वाहनकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. गाडीची किंमत, विमा, तारण, परतफेडीची ऐपत, सगळ्याला रकाना होता. हौसेला तेवढा नव्हता. पुढे कादंबऱ्या लिहायला बसलो तेव्हा उलटेच ध्यानात आले. माणूस ओळखायचा असेल तर रकान्याबाहेर त्याने कशावर पैसे उधळले, तेच आधी पाहावे लागते.

आमचे केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावरचे. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी गावाची श्रद्धा. बकासुरासाठी अन्नाचा गाडा घेऊन भीम निघाला तो इथूनच, असे गावकरी सांगतात. तेव्हा वाहनांशी गावाचे नाते तसे पुरातनच म्हणायचे! देवळाशी पूजेला आलेली नवी गाडी पाहावी. बोनेटवर स्वस्तिक, पुढे लिंबू-मिरची, आत डॅशबोर्डवर गणपती. यातले कंपनीने काहीच दिलेले नसते. गाडीत फेरफार करण्याची सुरुवात अशी देवापासूनच होते.

वर्ध्यात जुन्या माणसांच्या तोंडी एक मजेदार गोष्ट आहे. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला गेले. या शेगावचे पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्या काळात बजाजांकडच्या एका फोर्ड मोटारीचे इंजिन काढून तिला बैल जुंपले होते आणि ‘ऑक्स’ म्हणजे बैल, म्हणून तिला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. लोक इंजिनाची ताकद वाढवतात, इथे इंजिनच गेले! पण तत्त्व तेच, हाती आलेली वस्तू आपल्या गरजेला वाकवून घेण्याचे. १९९३ साली दिलीप छाब्रिया यांनी ‘डीसी डिझाइन’ काढून गाड्यांना नवी रूपे देण्याचा धंदाच उभा केला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून छताला फुलाफुलांचे रेक्झिन लावून ही कला जोपासली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, तेव्हा माणसे हळहळली त्यात त्या छतांचाही वाटा असणार.

माझ्या भाच्याला मी एकदा विचारले, की एवढे पैसे घालून मिळते काय? तो म्हणाला, “मामाजी, कंपनीनं गाडी साऱ्यासाठी बनवली. थोडी माझ्यासाठी बी पाहिजे ना!” उत्तर मला पटले. शिवाय या नादात तो शिकला किती! पूर्वी बल्ब बदलायलाही मिस्त्रीकडे धावणारा हा मुलगा आता मला रिले समजावून सांगतो. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा प्रवाह बारीक तारांतून आणि खटक्यातून फिरून येतो व वाटेत काही दाब हरवतो. रिले बसवला की खटका फक्त हुकूम देतो आणि प्रवाह जाड तारेने बॅटरीतून थेट जातो. अधिकाऱ्याने सही करावी आणि रोकड खजिन्यातून परस्पर निघावी, तसेच. बल्ब तोच, उजेड जास्त. पण ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब घातला तर होल्डर वितळू शकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

चाकांचेही तसेच. रिम मोठी घेतली तर टायर तेवढा बुटका घेऊन एकूण व्यास जवळपास तोच ठेवावा. व्यास १० टक्क्यांनी वाढला, तर ढोबळ हिशेबाने काटा १२० दाखवतो तेव्हा गाडी १३२ ने धावत असते. २०२२ च्या डिसेंबरपासून आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग धावतो. तिथे कमाल मर्यादाच १२० आहे. अशा रस्त्यावर टायर फुटला म्हणजे काय होते, ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगायला नको. टायरच्या बाजूवर वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर छापलेले असते. ८२ म्हणजे ४७५ किलो, ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर. टायरची चकाकी पाहण्याआधी ही बारीक अक्षरे वाचावीत.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचना बदलू देत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात कारवाई करायला सांगितले. त्याने पादचाऱ्याला इजा जास्त होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. रंग बदलला किंवा सीएनजी किट बसवले तर आरसीत नोंद हवी. विमा कंपनीला न कळवलेला बदल नेमका दाव्याच्या वेळी आडवा येतो.

मी पाहिलेला सर्वांत सुंदर फेरफार मात्र अगदी साधा दिसतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. त्याच्या गिअर नसलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा आहे. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. आरटीओत रीतसर नोंद केलेली. आयुष्यभर दुसऱ्याच्या स्कूटरच्या मागे बसून बँकेत आलेला हा माणूस आता बायकोला स्वतः दवाखान्यात नेतो. वहिनी म्हणतात, “हे आता वाटेत कुठंही थांबतात. चहा प्यायचा की नाही, ते आधी कोणाला विचारावं लागत नाही.”

हौसेला मोल नाही म्हणतात, पण क्रम असावा. आधी टायर आणि ब्रेक, मग दिवे, मग बसायची जागा, मग गाणी, आणि उरलेच तर पट्टे-चकाकी. घरातला मुलगा गाडीखाली शिरून हात काळे करत असेल, तर वडीलधाऱ्यांनी बिलाची चौकशी जरूर करावी. मात्र त्याआधी एकदा गाडीभोवती सावकाश चक्कर मारावी आणि त्याने काय केले ते त्याच्याच तोंडून ऐकावे.