मानेतील अरुंद धमनी : भय आणि हिशेब



गतवर्षी नित्याच्या तपासणीसाठी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. दुखणे असे काहीच नव्हते. परंतु मानेवर स्टेथोस्कोप ठेवताच डॉक्टरांस रक्तप्रवाहाचा फूत्कारासारखा आवाज ऐकू आला. पुढे डॉप्लर सोनोग्राफी झाली व कागदावर लिहून आले की, डाव्या बाजूची कॅरोटिड धमनी साठ टक्के अरुंद झाली आहे. त्या रात्री घरात कोणासही झोप लागली नाही. शंभरातून साठ गेले, म्हणजे भांडवलच बुडाले, असा हिशेब आम्ही मांडला. तो हिशेब चुकीचा होता. इतरांची तशी चूक होऊ नये, एवढ्याचसाठी हे लेखन.

आपल्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांस ठाऊकच आहे. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भवेत्त्याने सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांतून शहराकडे आणले. त्या पाण्यातील चुना भिंतींवर बसत गेला व वाट आतून अरुंद होऊ लागली. धमनीचेही काहीसे असेच होते. तिच्या अस्तरात चरबी व चुना साठत जातो. वाढता रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व रक्तातील कोलेस्टेरॉल ही त्याची प्रमुख कारणे होत. आपण शाकाहारी, म्हणून सुटलो, असे मात्र समजू नये. तुपातली मिठाई, तळलेले फरसाण आणि गादीवरचे बैठे काम आपल्याकडेही आहेच.

मग मेंदूस चाळीस टक्केच रक्त मिळते काय? नाही. मेंदूकडे चार धमन्या जातात, दोन मानेच्या पुढील बाजूने व दोन मागील बाजूने. मेंदूच्या तळाशी त्या एका कड्यात जोडल्या जातात. या कड्याचे वर्णन इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने १६६४ मध्ये केले. एका बाजूची उणीव पुष्कळदा दुसरी बाजू भरून काढते. खरे भय निराळेच आहे. साचलेला थर फुटला, तर त्यावर रक्ताची गुठळी धरते. ती वाहत जाऊन मेंदूतील बारीक वाहिनी अडवते आणि अर्धांगवायू होतो.

म्हणून थर स्थिर राखणे व गुठळी होऊ न देणे, हे औषधांचे मुख्य काम. त्यांपैकी स्टॅटिनचा इतिहास आपल्या व्यापाराशी निगडित आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये या जातीचे पहिले द्रव्य एका बुरशीत सापडले. ती बुरशी क्योटोतील एका धान्यदुकानातील तांदळाच्या नमुन्यातून मिळाली होती. असा माल आम्ही जन्मभर फेकत आलो! आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲटॉर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन ही औषधे मात्र रासायनिक क्रियेने बनतात, हे धर्मशंका असणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. लक्षणे दिसून गेली असून अरुंदपणा सत्तर टक्के वा अधिक असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेचा अथवा जाळी बसविण्याचा विचार होतो. आम्हांस तूर्त औषधेच पुरेशी ठरली.

एक चूक कबूल करतो. पर्युषणात आम्ही परस्पर आठ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. डॉक्टर रागावले, ते रास्तच होते. तपश्चर्येपूर्वी त्यांस विचारावे. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची मागून घ्यावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे एकाएकी पडदा येणे, यांपैकी काहीही घडले, आणि ते पाच मिनिटांत ओसरले, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. "दुकान वाढवून मग पाहू" असे म्हणू नये. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. या व्यवहारात मुदतवाढ नाही.

लिहिण्यात न्यूनाधिक झाले असल्यास क्षमा असावी.