विश्लेषण : पडद्यावर नायिका आली, पण करारावर सही कुणाची?

भारतीय सिनेमाच्या पहिल्या नायिकेची भूमिका एका पुरुषाने केली होती. स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आल्या त्या नंतर. मात्र आपल्या कामावर आणि कमाईवर त्यांचा हक्क किती होता? तीन पिढ्यांतील तीन अभिनेत्रींच्या प्रवासातून याचे उत्तर मिळते.

पहिली नायिका पुरुष का?

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती हवी होती. त्या काळी सिनेमात काम करणे इतके कमीपणाचे समजले जाई की, वेश्यावस्तीतील स्त्रियांनीही नकार दिला. अखेर मुंबईतील एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंके यांनी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

मग पहिली स्त्री कोण?

फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम १३ वर्षांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन नाटक कंपनीच्या आधाराने जगत होत्या. पोट भरण्याचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी हे धाडस केले. कमलाबाई पुढे रंगभूमीवर कमलाबाई गोखले म्हणून गाजल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू.

दुर्गा खोटे यांच्यामुळे काय बदलले?

१९३२ मध्ये ‘प्रभात’चा पहिला मराठी बोलपट आला, ‘अयोध्येचा राजा’. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. १९ वर्षांपूर्वी जी तारामती साळुंके झाले होते, ती आता सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे होत्या. आर्थिक ओढाताण आणि पदरी दोन मुले, म्हणून त्या या क्षेत्रात आल्या होत्या. त्याआधीच्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेवरून त्यांना बरीच टीका सोसावी लागली होती.

बहुतेक कलाकार एकाच कंपनीत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र ‘प्रभात’सोबतच कोलकात्यातही काम केले. १९३७ मध्ये ‘साथी’ची निर्मिती केली. पुढे जाहिरातपट आणि दूरदर्शन मालिकाही केल्या. ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच संस्थेची. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

मग सगळ्यांनाच हे जमले का?

नाही. रतन साळगावकर ही मुलगी घरच्या गरजेपायी वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास सिनेमात आली आणि हंसा वाडकर झाली. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली. घर त्यांच्या कमाईवर चालत होते, पण स्वतःच्या आयुष्याचे निर्णय मात्र त्यांच्या हाती नव्हते. मारहाण, व्यसन, फसलेली नाती हे सारे त्यांनी १९७० मध्ये आलेल्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात आडपडदा न ठेवता सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) काढला. त्यासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आज याचा काय संबंध?

दुर्गाबाई आणि हंसाबाई, दोघीही गरजेपोटी आल्या आणि दोघीही यशस्वी ठरल्या. फरक पाठबळात होता. एकीकडे शिक्षण, माहेरचा आधार आणि स्वतः व्यवहार ठरवण्याची ताकद होती. दुसरीकडे शाळकरी वयात खांद्यावर आलेले घर.

हा फरक इतिहासजमा झालेला नाही. मल्याळम चित्रसृष्टीतील महिलांच्या स्थितीवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. लैंगिक छळाबरोबरच लेखी करार नसणे, सेटवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली नसणे, अशा तक्रारी त्यात आहेत. नाव झालेली अभिनेत्री यातले बरेच काही मागून घेऊ शकते. नवखीला किंवा चार ओळींच्या भूमिकेसाठी आलेलीला ते जमत नाही. तिच्यासाठी कामाआधी हातात पडणारा लेखी करार हीच पहिली पायरी आहे. त्यावरची सही मात्र तिची स्वतःची हवी.